‘शोरूममधून काढल्यासारखी’ हे जुन्या मोटारीचे कौतुक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या मेळाव्याची बातमी आली की छायाचित्राखालची ओळ जवळपास ठरलेली असते : ‘जणू आजच शोरूममधून बाहेर पडलेली!’ लिहिणाऱ्याला कौतुकच करायचे असते, यात शंका नाही. पण १९५५ सालची मोटार शोरूममधून अशी बाहेर पडतच नव्हती. तिचा रंग आरशासारखा नव्हता. डाव्या-उजव्या दारांच्या फटी तंतोतंत जुळत नव्हत्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाचा पातळ हात असे, डिकीच्या कोपऱ्यात तर नुसते अस्तर (रंगाखालचा प्रायमर) दिसे. इंजिनवरच्या नळ्यांना क्रोमचा स्पर्शही नसे. आज ‘मूळ स्वरूपातली’ म्हणून ज्या गाडीभोवती गर्दी होते, ती पुष्कळदा कारखान्याने कधी बनवलीच नव्हती अशी गाडी असते.

बडोद्याने याबाबत जरा जास्त काटेकोर असावे, असे मला वाटते. जानेवारी २०२३ मध्ये ‘२१ गन सॅल्यूट’ हे जुन्या मोटारींचे प्रदर्शन लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात भरले, ते सर्वांना आठवत असेल. पण आपले नाते केवळ संस्थानी गाड्यांशी नाही. हिंदुस्थान मोटर्सची सुरुवात १९४२ साली ओखा बंदरात झाली आणि ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानातच होते. कारखाना उत्तरपाड्याला गेला तो १९४८ मध्ये. राजवाड्यातल्या रोल्स-रॉइसची काळजी घ्यायला माणसे आणि पैसा मिळतो. म्हणून या पत्राचा रोख साध्या गाड्यांकडे आहे : ॲम्बेसेडर, फियाट ११००, मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेरल्ड, विलीज जीप. वाड्यांच्या देवडीत ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या या गाड्या आता एकेक करून बाहेर निघत आहेत, आणि बहुतेकींचे मूळपण पहिल्या दोन आठवड्यांतच पुसले जाते.

त्या बाहेर निघण्याला एक सरकारी निमित्तही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे यासाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ नाव घेऊन आलेल्या पहिल्या गाड्याही आता या वर्गात येऊ लागल्या. नियमातले ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, आणि गॅरेजमध्ये नेमके तेच दोन शब्द कुणी वाचत नाही. मार्क टू, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या, ॲम्बेसेडरमध्ये १९९० च्या दशकातले इसुझूचे १८०० सीसी इंजिन बसवून, वर नवा रंग मारून ‘व्हिंटेज’ म्हणणाऱ्याने हा नियम एकदा शांतपणे वाचावा.

गाडी गॅरेजला नेली की डेंटर पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावतो. खरा नाश तिथे होतो. पत्र्याला हात लावण्याआधी निदान आठवडाभर नोंदीचे काम आहे. चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घ्यावा. परिवहन कार्यालयात तो लागतोच, पण पुढे कुणी तो भाग घासला तर पुरावाही उरतो. क्रमांकाच्या पट्टीचे रिव्हेट काढू नयेत. मूळ रिव्हेटचे डोके पाहूनच जाणकार पट्टी खरी की खोटी ते ओळखतात. प्रत्येक सांधा, क्लिप, तारेचा वळसा, रबराचा तुकडा यांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून. एका गाडीला तीन-चारशे छायाचित्रे सहज होतात आणि पुढे तीही कमीच पडतात. सुटलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचे नाव. ‘सगळे स्क्रू एका डब्यात’ ही पद्धत म्हणजे निम्मी गाडी भंगारात घालण्यासारखे आहे.

मूळ रंग कोणता, हे मालकाच्या आठवणीवर सोडू नये. आठवण नेहमी पांढरी किंवा काळी असते. सीटच्या रुळाखाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला रंग टिकून असतो. तिथे रुपयाएवढी जागा पाणी लावून १००० नंबरच्या पेपरने, मग १५०० आणि २००० ने तिरकी घासत न्यावी. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे एकात एक रंग उघडे पडतात. अगदी आतले राखाडी किंवा तांबूस वलय अस्तराचे, त्याला लागून असलेला पहिला रंग कारखान्याचा. या घासलेल्या वलयाचेच रंग जुळवणाऱ्या दुकानात उजेडात वाचन करून घ्यावे. बाहेरच्या, उन्हाने विटलेल्या पत्र्याचे वाचन घेतले तर विटलेलाच रंग बनून येतो.

पत्र्यात कुठे लांबी (पुट्टी) भरली आहे ते चुंबकाने कळते. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक मडगार्डवरून फिरवले की लांबीच्या जागी पकड सुटते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. ३००-४०० दाखवले तर वर दुसरा-तिसरा रंग आहे, आणि काटा हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबीचा डोंगर. हे कळल्यावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक जण घेतच नाहीत : गाडी खरोखर रंगवायची आहे का? ७० टक्के मूळ रंग शाबूत असेल, थोडा विटलेला, दाराच्या कडेला उडालेला असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. रंगवू नये. बारीक कंपाउंडने हलके पॉलिश, कार्नोबा मेण, आणि उडालेल्या जागी ब्रशने ठिपके. नवा रंग पुढच्या वर्षीही देता येईल. पन्नास वर्षांपूर्वीचा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. वाड्याच्या सागवानी खांबांना तेलरंग फासून ‘वाडा नवा केला’ म्हणणारे आपल्यात आहेतच. हा त्यातलाच प्रकार.

रंगवायचेच असेल तर रंगाची जात पाहावी. त्या काळातल्या गाड्यांवर नायट्रोसेल्युलोजचा (एन.सी.) रंग, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘ड्युको’ म्हणतात, किंवा भट्टीत भाजलेले इनॅमल असे. आजचा दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ आहे, पण त्यावर लॅकरचा पारदर्शक थर चढवला की ओल्या काचेसारखी जी खोली दिसते ती त्या गाडीची नव्हे. पीयू वापरायचाच तर लॅकरविना, एकाच थराच्या चमकेचा घ्यावा आणि शेवटी किंचित मंद करावा. त्यात आयसोसायनेट हे विषारी रसायन असते, म्हणून नाकाला फडके बांधून तो फवारणे म्हणजे फुप्फुसाशी वैर. एन.सी. रंगाला पातळ पाच-सहा हात लागतात. थिनर साधारण समान मापात, दोन हातांत पंधरा-वीस मिनिटे. आपल्याकडे चूक होते ती ऋतूची. आषाढ-श्रावणात फवारलेला एन.सी. रंग दुधासारखा पांढुरका पडतो. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगात अडकतो. रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर ५ ते १० टक्के घातला तर फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे हे काम दिवाळीनंतर, होळीच्या आत करणे. शेवटच्या हातानंतर निदान दोन आठवडे थांबून मग घासावे. लगेच घासलेला रंग पुढे आकसतो आणि खालच्या पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात.

गंजाचे (आपले गुजराती मिस्त्री त्याला ‘काट’ म्हणतात) काम तर आणखी नाजूक. सपाट पत्र्यावर जोरात वाळूचा मारा केला की पत्रा ताणला जाऊन पापडासारखा फुगतो. तो पुन्हा बसवायला चांगल्या हाताला आठवडा लागतो, नाहीतर त्यावर लांबी येते. वाळू फक्त चॅसिस, ॲक्सल, चाकांच्या रिंगांना. बाहेरच्या पत्र्याला हाताने किंवा रंग उतरवणाऱ्या रसायनाने, आणि तेही दुमडीच्या कडांपासून दूर. दुमडीत शिरलेले रसायन सहा महिन्यांनी नव्या रंगाला फोड आणते. कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा, म्हणजे बहुधा २० गेजचा, सुमारे ०.९ मिलिमीटरचा पत्रा कडेला कड भिडवून जोडावा. जुन्यावर नवा तुकडा चढवून केलेले ठिगळ सोपे असते, पण दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी राहते आणि तीन पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा जातो. वेल्डिंगचे ठिपके सलग मारू नयेत. एक इकडे, एक तिकडे, मधे हाताला सोसेल इतके गार होऊ द्यावे.

ॲम्बेसेडरबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. तिला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालचे पोकळ पाट कुजले म्हणून दोन्ही बाजूंचे एकदम कापले तर गाडी मध्यात खचते, आणि मग दारे जन्मात लागत नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी ठोकून घ्यावी, चाकांजवळ चारही टेकू द्यावेत, एका वेळी एकच बाजू. या पाटांना आणि दारांना तळाशी पाणी जायची भोके असतात. रंगाच्या वेळी ती लांबीने बुजतात आणि मग मालक म्हणतो, ‘इतका खर्च केला तरी गंज आला कसा?’

क्रोमचे दुखणे वेगळे. चांगल्या मुलाम्याला तीन थर लागतात : तांबे, त्यावर निकेल, वर क्रोम. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आतबाहेर असतो. गंज रोखायचे खरे काम निकेल करते आणि बंपरला ते निदान २५ मायक्रॉन हवे. स्वस्तातला प्लेटिंगवाला तांबे गाळतो, निकेलचा हात फिरवतो आणि वर क्रोम देतो. दुकानात झगमगते आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उमटतात. काम देताना दर विचारण्याआधी थर विचारावेत आणि जाडी लिहून घ्यावी. हँडले, बोधचिन्हे, दिव्यांच्या कडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्या लोखंडासारख्या आम्लात टाकल्या की धातूच विरघळतो. बफिंगवाल्याने जोर लावला की अक्षरांच्या कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत. अशा वस्तू फार खराब नसतील तर साबणपाणी, मऊ ब्रश आणि मेण एवढ्यावर सोडाव्यात. आणि १९२० च्या दशकातल्या पहिल्या वर्षांतली मोटार असेल, तर तिला क्रोम नकोच. क्रोमचा मुलामा मोटारींवर सर्रास दिसू लागला तो त्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या रेडिएटरवर निकेल असे, किंचित पिवळसर, उबदार झाक असलेले. तिथे निळसर क्रोम दिसला की पैठणीला नायलॉनचा काठ लावल्यासारखे वाटते.

आता पान्यांविषयी. वाचकांना हे क्षुल्लक वाटेल, पण बोल्टांची डोकी पाहूनच गाडी कुणाच्या हातात गेली होती ते समजते. फियाटचे आटे मेट्रिक. ॲम्बेसेडर, हेरल्ड यांचे मुख्यतः यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. त्याहून जुन्या इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे. यूएनएफच्या पाव इंची बोल्टला ७/१६ चा पाना, ५/१६ ला १/२ चा, ३/८ ला ९/१६ चा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. गॅरेजमध्ये त्याला १३ चा पाना लावतात, तो तीन दशांश सैल बसतो आणि दोन-तीन वेळा जोर दिला की सहा कोपरे गुळगुळीत. त्याहून घातक म्हणजे नट बदलणे. ५/१६ बीएसएफला इंचात २२ आटे, यूएनएफला २४. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेढे छान चढतो, मग अडतो. ‘गंज आहे’ असे समजून मिस्त्री लांब पाना लावतो आणि आटे सोलतो. स्टिअरिंगच्या किंवा ब्रेकच्या जोडाला असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. आटे मोजायची पट्टी काहीशे रुपयांत मिळते. जुन्या गाडीचे काम घेणाऱ्या प्रत्येक गॅरेजात ती असायलाच हवी. सुटे झालेले मूळ बोल्ट फेकू नयेत. डोक्यावर कारखान्याची खूण असते. धुण्याचा सोडा चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर, चार्जरची उणे तार बोल्टला, अधिक तार साध्या लोखंडी पत्र्याला, एक रात्र. गंज काळ्या भुकटीत बदलतो आणि ब्रशने निघतो. अधिक टोकाला स्टेनलेसचा चमचा लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. स्प्रिंगांना ही रीत वापरू नये, त्या ठिसूळ होतात. मोठ्या वस्तूंना साखर कारखान्याची मळी, एक भाग मळीला नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे बुडवून. काम सुरेख होते, पण शेजाऱ्यांशी संबंध बरे असावेत.

विजेचे थोडक्यात. ल्युकस या इंग्रजी कंपनीच्या तारांना रंगांची भाषा आहे : तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. सगळीकडे लाल-काळी तार ओढणारा इलेक्ट्रिशियन पुढच्याला आंधळे करून जातो. अनेक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक अर्थला असते. ते ‘उलटे’ समजून बदलू नये, बदललेच तर डायनामोला नवी दिशा द्यावी लागते. पट्टा बसवण्याआधी डायनामोच्या एफ (फील्ड) टोकाला बॅटरीची जिवंत तार क्षणभर स्पर्शवणे, एवढीच ती क्रिया. ल्युकसचा सी-४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो, तेही इंजिन फिरत असताना. दोन ५५ वॅटचे हॅलोजन त्यातले नऊ खातात, वर हॉर्न, वायपर, आणि हौसेचा मोबाइल चार्जर.

सध्या जो प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला भेडसावतो तो पेट्रोलचा. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते २००० साली. शिसे नसले की व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, असा बाऊ फार झाला, प्रत्यक्षात महिन्यात दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या व्हॉल्व्ह-सीट सहसा झिजत नाहीत. टॅपेटची फट वरचेवर कमी होऊ लागली तरच कठीण धातूची सीट बसवायचा विचार करावा. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मात्र खरी अडचण आहे, आणि ती तीन ठिकाणी दिसते.

पहिली, मिश्रणात. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला ते प्रमाण सुमारे १३.५ पडते. नव्या गाडीतला संगणक इंधन वाढवतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्याचे जेट (इंधन सोडणारे बारीक भोक) जेवढे आहे तेवढेच देते, म्हणजे इंजिन सात-आठ टक्के उपाशी चालते. ॲक्सिलरेटर दाबताच अडखळणे, कार्ब्युरेटरमधून शिंक, प्लगचे टोक पांढरेफटक, चढावर तापणे ही त्याची लक्षणे. सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० च्या जागी १२५ लावले की भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि हिशेब जवळपास जमतो. जुने जेट तारेने कोरून मोठे करू नये, ते पाकिटात जपून ठेवावे. एस.यू. बनावटीचा कार्ब्युरेटर असेल तर जेटखालचा सहा पैलूंचा नट एक-दोन पैलू खाली उतरवून पाहावा.

दुसरी, रबर आणि लाखेत. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, निडल-व्हॉल्व्हची टोके इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, आणि गळती नेमकी तापलेल्या एक्झॉस्टवर होते. नळी घेताना ‘एसएई जे३० आर९’ अशी छापील खूण पाहावी, डायफ्रॅम व्हिटॉनचा (इंधनाला टिकणाऱ्या रबराचा) मागावा. युद्धापूर्वीच्या काही अमेरिकन गाड्यांत कार्ब्युरेटरचा फ्लोट बुचाच्या लाकडाचा आणि त्यावर लाखेचा लेप असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे कुठल्याही सुताराला माहीत आहे. लेप गेला की बूच पेट्रोल पिऊन बुडते आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहू लागतो. अशा फ्लोटच्या जागी नायट्रोफिल या कृत्रिम पदार्थाचा बसवावा.

तिसरी, टाकीत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. प्रमाण वाढले की पाणी-अल्कोहोल वेगळे होऊन तळाशी बसते आणि पंप तेच आधी उचलतो. पावसाळ्यात गाडी दीड-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यावे, कार्ब्युरेटर चालवून कोरडा करावा, टाकीत पातळ तेलाचा फवारा द्यावा. टाकीच्या आत लावायचे जुन्या प्रकारचे सीलर इथेनॉलने साल निघाल्यासारखे सुटतात आणि फिल्टर तुंबवतात. टाकीला डाग द्यायचा (झाळायचे) असेल तर ती आधी अनेकदा धुवून काठोकाठ पाण्याने भरावी, डाग द्यायची जागा तेवढी वर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ असते.

उभ्या गाडीची आणखी एक खोड सांगतो, ती मालकांची. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन जागेवर सुरू ठेवायचे आणि ‘गाडी चालू आहे’ म्हणायचे. एवढ्यात तेल तापतच नाही. जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात राहते, आणि सायलेन्सर आतून कुजतो. एकतर पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, नाहीतर सुरूच करू नये. अंगावर प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, खाली घाम धरतो. सुती कापड बरे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बॅटरीने एकदम फिरवणे म्हणजे पिस्टनच्या रिंगा मोडायला निमंत्रण. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पंधरा-वीस मिलिलिटर पातळ तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे, मग हाताने हँडल मारून सावकाश फिरवावे. तेलाची तळटाकी उतरवून गाळ खरवडल्याशिवाय नवे तेल ओतू नये, नवे तेल तो गाळ सोडवून थेट बेअरिंगकडे पाठवते. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल घ्यावे. मूळ रेडिएटरला कमी दाबाचे झाकण असते. त्यावर आजच्या गाडीचे झाकण लावले की जुने डाग सुटतात.

काहीच बदलू नये, असा माझा हट्ट नाही. ब्रेकच्या रबरी नळ्या, वॉशर, टायर हे मूळ म्हणून जपणे हा वेडेपणा आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण तेही पाणी ओढते. टायरच्या कडेवरचे चार आकडे पाहावेत, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ॲम्बेसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४ मापाचे टायर मिळवताना रेडियल आणि जुन्या बांधणीचे क्रॉसप्लाय मिसळायची वेळ आलीच तर रेडियल मागे असावेत, पुढे कधीही नाहीत. अट एकच : जो बदल होईल तो उलटा फिरवता यावा, नवे भोक पाडावे लागू नये, आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून गाडीबरोबर राहावा. ॲम्बेसेडरची मार्क टूची जाळी मार्क फोरमुळे भंगारात गेली, असे कितीतरी घरी झाले आहे. एकाच सांगाड्यावर ही गाडी २०१४ पर्यंत निघत राहिली, त्यामुळे कुठल्याही काळाचा भाग कुठेही बसतो आणि खोटेपणा लक्षातही येत नाही.

आपल्या शहरात मेळावे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, न रंगवलेल्या, न बदललेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळे पारितोषिक असावे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हीदेखील आपल्या ट्यूरिन सनदेत जपणुकीलाच पहिला मान देते. परीक्षकांच्या कागदावर चमकेला गुण असतील तर मूळ रिव्हेट, मूळ काचेवरची खूण, मूळ तारा, काथ्या-स्प्रिंगची सीट यांनाही असावेत, आणि जादा क्रोमला वजा गुण. परिवहन कार्यालयाने व्हिंटेज नोंदणीची तपासणी करताना इंजिन क्रमांकाबरोबर मॉडेलच्या वर्षाशी जुळणारे इंजिन आहे का, हेही पाहावे.

तिसरी विनंती कलाभवनाला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती शाळा आज विद्यापीठाची तंत्रशाखा आहे. कारागिरी शिकवण्यासाठीच ती जन्मली. तिथल्या प्रयोगशाळेत रंगाच्या थराची जाडी आणि मुलाम्याचे थर मोजणे अवघड नाही. शहरातल्या पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या मूळ रंगाच्या वलयांची छायाचित्रे, आट्यांची मापे, जेटचे आकडे, तारांचे रंग यांची एक नोंदवही विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून केली, तर पुढच्या डेंटरला आणि पुढच्या मालकाला विचारायला एक जागा होईल. जुने मिस्त्री अजून आहेत, त्यांच्याकडे पुष्कळ माहिती आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही.

आणि संपादक महाशय, पुढच्या वेळी छायाचित्र छापताना गाडीच्या मालकाला एवढेच विचारून घ्यावे : मूळ रंग कोणता होता, आणि तो आता गाडीवर कुठे दिसतो?

कळावे,
आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा